नागोरावांची शेवटच्या फेरीतली पारख

नागोराव काळबांडे आयुष्यभर कापूस बघत आले. यवतमाळकडच्या एका खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरायचा, हळूच ओढायचा, तुटलेला धागा उन्हात धरायचा आणि प्रत सांगून टाकायची. मग गाडीवाला हसो की रडो. नुसत्या धाग्यावरून त्यांनी एकदा एका शेतकऱ्याची बायको रुसून माहेरी गेली आहे, हे ओळखलं होतं. ही गोष्ट खुद्द नागोरावच सांगत असल्यामुळे तिच्याविषयी शंका घ्यायला जागा नाही.

खरेदी केंद्राच्या त्या यार्डानं त्यांना नजर दिली, तसाच आवाजही दिला. गाड्यांच्या रांगेतल्या शेवटच्या बैलापर्यंत पोचेल असं बोलायची सवय लागली ती लागलीच. पुण्यात विश्रांतवाडीला येऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांची कुजबूज दोन इमारतींना पुरून उरते. सुशीलाबाईंशी त्यांचं आजवर एकही खासगी भांडण झालेलं नाही. झाली ती सगळी जाहीर.

निवृत्तीनंतर मात्र नजरेला काम उरलं नाही. विश्रांतवाडीत कापूस मिळतो तो मेडिकलच्या दुकानात, निळ्या कागदात गुंडाळलेला, कुणीतरी आधीच प्रत ठरवून दिलेला. नागोराव अधूनमधून तशी एखादी गुंडाळी आणत, गॅलरीत बसून चिमटीनं ओढत आणि मान हलवत. कुणी विचारत नसे. सोसायटीनं त्यांना एकदा बाग समितीवर घेतलं होतं. तिथं त्यांनी चेअरमनच्या गुलाबाला 'दुय्यम' म्हटलं आणि समिती फेररचित झाली.

घरात तिसरं माणूस राजनंदिनी. त्यांची एकुलती मुलगी, छत्तिशीची, हडपसरला एका कंपनीत. त्या घराला आवाज होता तो तिचा. बाकी दोघांचा होता तो गोंगाट. एके काळी तिला बघायला माणसं यायची. पोहे खायची, चहा प्यायची, आणि उठताना सगळी एकच शब्द ठेवून जायची: "कळवतो." मग नागोराव फोन चार्जिंगला लावून त्याच्याजवळ बसत. फोन पूर्ण भरायचा, तरी उठत नसत. शेवटी एका संध्याकाळी राजनंदिनीनं पोह्यांचा ट्रे ओट्यावर ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "पुन्हा मला कुणासमोर बसवलंत, किंवा माझ्या नावानं कुणाच्या दारात गेलात, तर मी ऑफिसजवळ राहायला जाईन. भांडणार नाही. जाईन." तेव्हापासून त्या घरात पोहे बंद झाले. नाश्त्याला उपमा.

अशा मरगळीत फुटबॉल आला.

आसपासच्या चार सोसायट्यांनी मिळून स्पर्धा काढली. लिलाव केला तर भांडणं होतात, म्हणून ठरलं की नावं दिलेल्या सगळ्यांची एकच यादी करायची आणि चारही संघांनी पाळीपाळीनं एकेक माणूस उचलायचा. पोरं याला ड्राफ्ट म्हणत. पहिल्या फेऱ्यांत पळणारे जाणार, मधल्या फेऱ्यांत चालणारे, आणि शेवटच्या फेऱ्यांत उभे राहू शकणारे. आदल्या वर्षी क्रिकेटच्या वेळी एका सभासदाचे मेहुणे यादीत शिल्लक राहिले होते, त्यावरून प्रकरण थेट निबंधकांकडे गेलं. म्हणून आता नियम झाला, की एकही माणूस शिल्लक ठेवायचा नाही. आणि शेवटच्या फेऱ्यांत घेतलेल्यांना उत्तरार्धात मैदानात उतरवायचंच. म्हणजे पूर्वार्धात पोरांनी जिंकायचं आणि उत्तरार्धात उरलेल्यांनी ते परत करायचं.

नागोरावांच्या 'शांतिवन'चा कप्तान होता तिसऱ्या मजल्यावरचा सलिल. त्याला पहिल्या फेऱ्या तोंडपाठ होत्या. शेवटच्या फेऱ्यांचं नाव काढताच त्यानं जांभई दिली.

"काका, लास्ट राउंड्स म्हणजे सगळे फिलर हो. डोळे मिटून घ्यायचे."

"डोळे मिटून!" नागोराव म्हणाले, आणि समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. "अरे, चांगला कापूस पहिल्या गाडीत असतो हे शेंबडं पोरगंही सांगेल. ग्रेडर लागतो तो शेवटच्या गाडीला!"

सलिलला ऑफिसचा कॉल आला होता. "मग तुम्हीच बघा ना काका. लास्ट राउंड्स तुमचे. डन."

बाग समितीनंतर नागोरावांवर कुणी काही सोपवलं नव्हतं. त्यांनी घरी जाऊन नवा चष्मा पुसला. यादी वाचता वाचता अगदी खाली त्यांना नाव दिसलं: राजनंदिनी काळबांडे.

"हे काय गं?"

"सकाळी चालते, तर आता पळेन म्हटलं," ती म्हणाली. मग बऱ्याच दिवसांनी हसली. "तुम्ही निवडणार ना बाबा? मग मला कितव्या फेरीत घेताय?"

"तू तर घरचीच," नागोराव म्हणाले आणि पुढची नावं वाचू लागले. ती अजून थोडा वेळ दारात उभी होती. ते त्यांना नंतर आठवलं. आठवायच्या गोष्टी माणसाला नंतरच आठवतात.

आता, नावावरून प्रत ठरत नाही. माल यार्डात जाऊन बघावा लागतो. नागोरावांनी ठरवलं, उरलेल्यांना घरी जाऊन भेटायचं. सुशीलाबाई म्हणाल्या, "मीही येते. कोणाच्या घरी एकट्या बाप्या माणसानं जात असते काय?" आणि त्या ठेवणीतली जांभळी पैठणी नेसून, पिशवीत नारळ घालून तयार झाल्या.

"नारळ काऊन?"

"रिकाम्या हातानं जात असते काय?"

नागोराव खेळाडू बघायला निघाले होते. सुशीलाबाई काय बघायला निघाल्या होत्या, हे त्यांनी विचारलं नाही; विचारलं असतं तर ही गोष्ट लिफ्टमध्येच संपली असती.

पहिलं घर 'मैत्री विहार'मधलं, दशरथ ओव्हाळांचं. दशरथराव खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली ताजी फुलं, फरशी अशी लख्ख की चप्पल बाहेर काढूनही संकोच वाटावा. मुलगा संजय अडतिशीचा, अंगानं भरलेला, स्वभावानं इतका मऊ की बसतानासुद्धा सोफ्याची परवानगी घेतोय असं वाटे. नागोरावांनी "ते लीगच्या संदर्भात जरा..." एवढं म्हटलं, तोवर सुशीलाबाईंनी कांताबाईंच्या हातात नारळ ठेवला होता. कांताबाईंनी नारळाकडे पाहिलं, पैठणीकडे पाहिलं, आणि दुसरं काही न ऐकता पोहे भिजवायला आत गेल्या.

नागोरावांनी कामाला हात घातला.

"पूर्वीचं काही? दुखणं वगैरे?"

संजयनं मान खाली घातली. दारातून कांताबाईच म्हणाल्या, "होतं एक. कॉलेजात असताना. लपवून काय करायचं? आता काही नाही."

"पूर्ण बरं झालं?"

"दोन वर्षं लागली बघा. जेवायचा नाही."

असली दुखापत नागोरावांनी ऐकली नव्हती, पण त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "घराण्यात कुणाला गुडघ्याचं?"

"माझे दोन्ही शाबूत आहेत," दशरथराव म्हणाले. "आपल्याकडे?"

"हिचा डावा जातो."

"असू द्या. चालायचंच," दशरथराव मोठ्या मनानं म्हणाले. "आम्ही पत्रिका वगैरे बघत नाही, हे आधीच सांगतो."

"आम्हीही नाही. आम्ही नुसतं पळायला लावतो."

संजयनं आईकडे पाहिलं. आजवर त्याला पगाराची स्लिप विचारली होती, फ्लॅटचं क्षेत्रफळ विचारलं होतं, परदेशाचं विचारलं होतं. पळून दाखवा असं कुणी म्हटलं नव्हतं. पण काळ बदलतो आहे, असं कांताबाईंच्या डोळ्यांत दिसलं, आणि तो उठला. इस्त्रीच्या पॅन्टमध्ये, पार्किंगमधल्या पाण्याच्या टाकीपासून जनरेटरपर्यंत आणि परत, असा तो बिचारा जीव तोडून पळाला. वॉचमन उगाचच उभा राहिला. नागोरावांनी वाकून त्याची पोटरी दोन अंगठ्यांत धरली, हळूच दाबली.

"धागा लांब आहे," ते म्हणाले. "कुणी वापरला नाही, एवढंच."

कांताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. इतक्या वर्षांत त्यांच्या मुलाविषयी इतकं खरं कुणी बोललं नव्हतं.

पोहे झाले, चहा झाला. दारात नागोरावांच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ झालेला शब्द निघून गेला: "कळवतो."

लिफ्टमध्ये सुशीलाबाई म्हणाल्या, "पोरगं गुणाचं आहे बाप्पा. घर किती साफ. पण..."

तो 'पण' त्यांच्याबरोबर तळमजल्यापर्यंत उतरला. त्याच्या पुढे काय आहे हे नागोरावांना ठाऊक होतं, आणि त्याचा फुटबॉलशी काही संबंध नसल्यामुळे त्यांनी तो विषय वाढवला नाही. शहाणी माणसं असे विषय लिफ्टमध्येच सोडून बाहेर पडतात.

संध्याकाळपर्यंत चारही सोसायट्यांत बातमी झाली. पोपट जगदाळे नावाचे एक जाडजूड अविवाहित गृहस्थ होते, त्यांच्या आईंचा फोन आला, "आमच्याकडे कधी येताय? त्याचे गुडघे ओव्हाळांपेक्षा चांगले आहेत." मग नागोराव घरोघर गेले. घरोघर पोहे झाले. बायपास झालेले महिपती तर स्वतःच येऊन बसले. त्यांना लग्न करायचं नव्हतं, ते आधीच झालेलं होतं. त्यांना खरंच गोलकीपर व्हायचं होतं. "कॉलेजात माझ्या हातून एकही गोल सुटला नाही," ते म्हणाले. त्या कॉलेजात संघ नव्हता, हे त्यांनी जाताना सांगितलं. एवढ्या पोह्यांनी नागोरावांना पित्त झालं. सोसायटीचे चेअरमन सुदर्शन, ज्यांचा गुलाब दुय्यम ठरला होता, ते जिन्यात भेटले.

"पोहे खाऊन फुटबॉलचा संघ निवडणारे आपण पहिलेच. रवा चालत असेल तर आमच्याकडे उद्या शिरा आहे."

त्यातच मैदान मिळवायचं कामही नागोरावांच्या गळ्यात पडलं. मैदानाच्या कार्यालयातला कारकून डबा खात होता.

"खेळासाठी मैदान देता येणार नाही."

"अहो, पण खेळाचं मैदान आहे!"

"म्हणूनच. खेळासाठी द्यायचं तर वरून पत्र लागतं. ते पत्र देणारे साहेब बदलून गेलेत. लग्नासाठी पाहिजे तर मी आत्ता देतो."

"मग लग्नासाठी द्या!"

"यजमानांचं नाव?"

नागोरावांनी आपलं नाव सांगितलं. दोन दिवसांनी मैदानाच्या फाटकावर फलक लागला: शुभविवाह, काळबांडे परिवार.

राजनंदिनी त्या संध्याकाळी रिक्षातून उतरली ती फलकासमोरच. घरी आली. चप्पल काढली नाही. तिच्या खोलीत कपाटावरची बॅग खाली काढल्याचा आवाज आला. मग ती बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, एकच विचारते. माझ्यासाठी गेला होतात?"

हडपसर नागोरावांना दारात उभं दिसू लागलं.

"आईशप्पथ नाही! तुझा विषयसुद्धा निघाला नाही! तू तर कुणाच्या डोक्यातच नव्हतीस!"

सुशीलाबाई पोळपाटाकडे बघत राहिल्या. राजनंदिनी आधी बापाकडे, मग आईकडे बघत होती.

"बरं," ती म्हणाली. बॅग परत कपाटावर गेली. नागोरावांनी सुटकेचा श्वास टाकला. आपण फार चांगलं उत्तर दिलं, असं त्यांना रात्रभर वाटत होतं.

ड्राफ्ट रविवारी दुपारी क्लबहाऊसमध्ये झाला. एक ट्यूब मरायला टेकलेली, एसी बंद, प्लास्टिकच्या खुर्च्या. ज्यांची नावं उचलली जात ते टाळ्या घेत पुढच्या रांगेत जाऊन बसत. त्यामुळे मागच्या रांगा जसजशा रिकाम्या होत गेल्या, तसतशी तिथली माणसं जास्त जास्त दिसू लागली. कुणी मोबाइल बघत होतं, कुणी उगाच बुटाची नाडी बांधत होतं. शेवटाला उरलेल्यांचा एक खास चेहरा असतो. 'आपल्याला काय, गंमत म्हणून नाव दिलं' असं म्हणणारा. राजनंदिनीही तसाच चेहरा करून बसली होती, नव्या कोऱ्या फुटबॉलच्या बुटांत. जरा पलीकडे संजय, आणि त्याच्यामागे दशरथराव आणि कांताबाई.

शेवटच्या फेऱ्या आल्या तसा सलिलनं कागद नागोरावांपुढे सरकवला. पोपट आधीच दुसऱ्या संघात गेले होते, आई टाळ्या वाजवत होती. शांतिवनची पाळी आली.

"काका, कुणाला? राजनंदिनीताईंना घ्यायचं ना?"

नागोराव सलिलच्या कानाशी वाकले. ग्रेडरची सगळी अक्कल त्या क्षणी त्यांच्या जिभेवर गोळा झाली. ते कुजबुजले:

"वेडा आहेस का? आत्ता संजयला घे, त्याच्यावर लोकांचा डोळा आहे. राजूला अगदी शेवटी घेऊ. तिला कोण नेतंय? इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही, आज काय विचारणार!"

क्लबहाऊस गप्प झालं. मरायला टेकलेली ट्यूबसुद्धा फडफडायची थांबली, असं महिपती आजही सांगतात. नागोरावांनी मान वर केली तेव्हा सगळ्या खुर्च्या त्यांच्याकडे बघत होत्या. एक सोडून. राजनंदिनी बुटाची नाडी बघत होती.

"शांतिवन... संजय ओव्हाळ," सलिल कसाबसा म्हणाला.

टाळी वाजली नाही. दशरथराव उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"काळबांडेसाहेब, म्हणजे तुम्ही याच्यासाठी आला होतात. आमची अक्षता म्हणाली होती, बाबा, ते फुटबॉलचं असेल. हिची आई म्हणाली, फुटबॉलला कुणी नारळ आणतं का?" ते थोडं थांबले. "तुम्ही कळवतो म्हणालात. कळवलं नाही. त्याचा अर्थ आम्ही आमच्या परीनं लावला. तो लावायची आम्हाला सवय आहे."

नागोरावांना म्हणायचं होतं की तसं काही नव्हतं. पण लिफ्टमधला तो 'पण' त्यांच्या घशात आला आणि आडवा बसला. सुशीलाबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

पुढची पाळी मैत्री विहारची. त्यांची कप्तान अक्षता, संजयची धाकटी बहीण. तिनं यादी उलटी करून टेबलावर ठेवली.

"आमची निवड, राजनंदिनी काळबांडे."

"नोंद घेतली," यादी सांभाळणारे चेअरमन सुदर्शन म्हणाले.

"अहो, पण ती आमची आहे!" नागोराव ओरडले.

"होती," सुदर्शन म्हणाले, आणि पुढचं नाव विचारलं.

शांतिवनला शेवटी महिपती मिळाले.

सामन्याच्या दिवशी लग्नासाठी मैदान घेतल्यामुळे सनईवालाही आला होता. त्याला कुणीतरी आगाऊ सांगून ठेवलं होतं आणि तो परत जायला तयार नव्हता. 'शुभविवाह' लिहिलेल्या कमानीखालून शांतिवन आणि मैत्री विहार हे दोन्ही संघ आत आले. पूर्वार्धात पोरांनी शांतिवनला जिंकवून दिलं. उत्तरार्धात सनई सुरू झाली आणि शेवटच्या फेरीतली माणसं उतरली.

नागोरावांनी आपल्या मुलीला त्या दिवशी पहिल्यांदा पळताना पाहिलं. लहानपणी पळाली असेल, पण तेव्हा ते यार्डात होते. नंतर त्यांनी तिला पाहिलं ते बसलेलंच. खुर्चीवर, साडी सावरून, ट्रे पुढे करून. आता ती केस बांधून, कोपरं आत घेऊन, उजव्या कडेनं अशी निघाली की सलिलची पहिल्या फेरीतली पोरं नुसती बघत राहिली. संजय आडवा आला. मनापासून पडला. महिपती चुकीच्या बाजूला झेपावले आणि तिथंच विश्रांती घेऊ लागले. चेंडू जाळ्यात गेला. मैत्री विहारच्या सगळ्या बायका 'राजू, राजू' ओरडत होत्या. घरातलं नाव त्यांना कुठून कळलं, असं नागोरावांच्या मनात आलं. मग आठवलं, त्यांनीच क्लबहाऊसमध्ये कुजबुजून सांगितलं होतं.

सामना संपल्यावर संजय लंगडत त्यांच्याजवळ आला.

"काका, सॉरी हां. तुम्ही म्हणाला होता ना, धागा लांब आहे. मला बरं वाटलं होतं."

उत्तरासाठी संजय थांबला नाही. तो तिकडे आईबाबांकडे गेला, जिथं राजनंदिनी कांताबाईंच्या हातचं लिंबूसरबत पीत उभी होती आणि कांताबाई तिला काहीही विचारत नव्हत्या.

त्याच महिन्यात राजनंदिनी हडपसरला राहायला गेली. भांडली नाही. "ऑफिस जवळ पडतं," एवढंच म्हणाली. बॅग नागोरावांनीच रिक्षात ठेवली. ती जड नव्हती, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

बरेच दिवस गेल्यावर दोघं तिचं घर बघायला गेले. लिफ्ट बंद होती. सुशीलाबाई डावा गुडघा धरून, नागोराव छाती धरून, असे वर पोचले. दारात मातीनं माखलेले फुटबॉलचे बूट होते. सुशीलाबाईंनी इकडे तिकडे आणखी कुणाचे बूट दिसतात का ते पाहिलं. नव्हते. त्यांचा चेहरा पडला. मग तो पडला म्हणून त्यांनी तो स्वतःच सावरला.

दोघं सोफ्याच्या कडेला बसले. नारळ पिशवीतच राहिला. राजनंदिनी आत गेली आणि ट्रे घेऊन आली. पोहे होते. तिनं ट्रे ठेवला आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

"आईचा गुडघा कसा आहे?"

"आहे," सुशीलाबाई म्हणाल्या.

"तुमचा श्वास, बाबा?"

"ब... बरा आहे," नागोराव धापा टाकत म्हणाले.

"रविवारी काय करता?"

नागोरावांच्या हाताला सोफ्यावरच्या उशीची उसवलेली शिवण लागली. नकळत त्यांनी आतली चिमूट बाहेर ओढली, दोन अंगठ्यांत धरली, खिडकीच्या उजेडात नेली.

"कितवी प्रत आहे?" राजनंदिनीनं विचारलं. चेष्टेनं नव्हे, खरंच विचारलं.

नागोरावांनी धागा हळूच ओढून तोडला. मग म्हणाले, "सांगता येत नाही."

उभ्या आयुष्यात हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं, आणि तेही इतक्या हळू की शेजारच्या खोलीतसुद्धा ऐकू गेलं नसतं.

निघताना दारात चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "घरी कधी येशील गं?"

राजनंदिनीनं दाराच्या चौकटीला हात टेकला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबलेल्या आईकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"कळवते," ती म्हणाली.

विश्रांतवाडीला पोचल्यावर सुशीलाबाई दिवा लावायला गेल्या. नागोरावांनी खिशातून फोन काढला, चार्जिंगला लावला, आणि खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले.